दरजा भरताय? आधी भिंत ओळखा

जुन्या विटांच्या दरजा भुरभुरू लागल्या, की गवंडी लगेच म्हणतो, "सिमेंट भरून टाकू." जरा थांबा. दरजेत किल्ली फिरवून पाहा. पांढरट भुगा सहज पडला, तर भिंत बहुधा चुन्याची आहे. अशा भिंतीतली ओल दरजांतून बाहेर पडते. तिथे कडक सिमेंट बसलं, की ती विटांतून वाट काढते, लोणा धरतो आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात.

दरजा उकरायला ग्राइंडर नकोच. वेळ वाचतो खरा, पण पातं घसरलं की विटेची कड गेली! दरजेपेक्षा अरुंद छिन्नी आणि हलकी हातोडी घ्या. रुंदीच्या साधारण दुप्पट, म्हणजे १० मिमीच्या दरजेला २० ते २५ मिमी खोल उकरा. धूळ झाडा, पाणी शिंपडा. भिंत ओलसर हवी, निथळती नको.

भिजवलेला चुना १ भाग, चाळलेली वाळू आणि सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) मिळून ३ भाग घ्या. पाणी बेताचंच, मालाचा गोळा हातात टिकायला हवा. नेहमीची रुंद थापी विटांवर माल माखते. त्याऐवजी दरजेत शिरेल अशी पट्टीसारखी अरुंद थापी वापरा आणि माल थराथराने दाबत भरा. चुना त्वचेला, डोळ्यांना भाजतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच.

पुढे आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. हे काम दिवाळीनंतर काढा. भर उन्हात चुना फार लवकर सुकतो. आणि आधी मागच्या बाजूची हातभर भिंत करून पाहा. मालाचा खरा रंग वाळल्यावरच कळतो.