वेगळे होण्याची किंमत कोणी मोजायची?

एकत्र कुटुंबाची वाटणी होते तेव्हा घराच्या खणांचे, शेताच्या बांधांचे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांचे हिशेब होतात. विहीर मात्र बहुधा सामाईकच राहते. पाण्याच्या पाळ्या ठरतात, कालांतराने त्या मोडतात, आणि वाटणीच्या वेळी जी मुले अंगणात खेळत होती त्यांच्या वाट्याला पुढे पाण्यावरचे भांडण येते. राज्ये, प्रांत आणि नगरे यांच्या वाटण्यांची कथा याहून फारशी निराळी नाही. मोठ्या राजकीय व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा निर्णय एक पिढी घेते, त्याचा हिशेब दुसरी पिढी चुकता करते आणि ज्याचे मत कोणी विचारलेले नसते असा शेजारी त्यात आपोआप ओढला जातो. कल्याणच्या पुढे लोहमार्गालगत वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा गेल्या चार दशकांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

जुळणी आणि फाटणी

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर यांची मिळून एक महानगरपालिका स्थापावी असा प्रस्ताव राज्य शासनाने मांडला. उल्हासनगरातून त्यास हरकती आल्या आणि शासनाने उल्हासनगर वगळले. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली ती कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची गावे यांना घेऊन. कल्याणहून अंबरनाथकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर लागते. म्हणजे मधले शहर बाहेर आणि त्याच्या पलीकडची शहरे आत, अशी ही विलक्षण रचना होती.

अंबरनाथच्या बाजूने साहजिकच प्रश्न उपस्थित झाला की, उल्हासनगरला जी मोकळीक मिळाली ती इतरांना का नाही? प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेथे शासनाचा निर्णय मनमानी ठरला. परंतु १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. महानगरपालिकेची हद्द ठरविणे हे कायदे करण्याच्या स्वरूपाचे काम आहे, कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पाळली की त्यापलीकडे प्रत्येक बाधिताची सुनावणी घेण्याचे बंधन शासनावर नाही, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालयात हरलेली बाजू पुढे राजकारणात जिंकली. १९९२ साली अंबरनाथ आणि बदलापूर महानगरपालिकेतून वगळण्यात आले आणि तेथे स्वतंत्र नगरपालिका आल्या. १९९६ साली उल्हासनगरची स्वतःची महानगरपालिका झाली. अवघ्या तेरा वर्षांत एका प्रस्तावित नगराची चार नगरे झाली.

वेगळे होऊ पाहणाऱ्यांची बाजू पोकळ होती असे मुळीच नाही. दूरच्या मुख्यालयाला टोकावरच्या वस्तीची गरज उशिरा कळते हा सार्वत्रिक अनुभव आहे. जन्माच्या दाखल्यासाठी वा घरपट्टीच्या तक्रारीसाठी बदलापूरच्या माणसाने कल्याण गाठावे, यात सोय कोणाची होती? आपला कर आपल्या रस्त्यावर खर्च व्हावा ही अपेक्षा लोकशाहीला धरूनच आहे. प्रश्न वेगळे होण्याच्या हक्काचा नाही. वेगळे होताना कशाची वाटणी झाली आणि कशाची होऊ शकली नाही, हा आहे.

उल्हासनगरची जुनी आठवण

या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर उल्हासनगरच्या जन्मकथेतच आहे. इंग्रजांनी १८४३ साली जिंकलेला सिंध पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि जवळजवळ नव्वद वर्षे त्याचा कारभार मुंबईहून चालला. १ एप्रिल १९३६ रोजी तो इलाख्यातून बाहेर पडून स्वतंत्र प्रांत झाला. मागणी करणाऱ्यांची कारणे आजच्या कानांना परिचित वाटतील अशीच होती: राजधानी दूर आहे, भाषा निराळी आहे, आपल्या प्रश्नांकडे लक्ष नाही. सिंधमधील अल्पसंख्य हिंदूंपैकी अनेकांचा या विलगतेस विरोध होता. मुंबई इलाख्याचे छत्र गेल्यावर आपला आवाज क्षीण होईल अशी धास्ती त्यांना होती.

१९३६ सालचा निर्णय झाला नसता तर १९४७ सालचे प्राक्तन टळले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु अकरा वर्षांनी फाळणीची रेघ ओढली गेली तेव्हा सिंध हा अखंड प्रांत म्हणून एका बाजूस गेला, हे सत्य आहे. विलगतेच्या वेळी जी मुले शाळेत होती ती भर तारुण्यात कल्याणच्या युद्धकालीन लष्करी छावण्यांत येऊन पडली. निर्वासितांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्या मुंबई प्रांतातून सिंध बाहेर पडला होता, त्याच प्रांतावर सिंधच्या लेकरांना सामावून घेण्याची जबाबदारी आली. एकदा उखडलेल्या समाजाने १९८३ साली आपले शहर आपल्याच हाती ठेवण्याचा आग्रह धरला, तो म्हणूनच समजून घ्यावा लागतो.

अलीकडच्या काळात ब्रिटननेही हाच धडा पुन्हा गिरविला. २३ जून २०१६ रोजी सुमारे ५२ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. मतदानोत्तर पाहण्यांनुसार, सर्वांत तरुण गटाचे मोठे बहुमत मात्र महासंघात राहण्याच्या बाजूचे होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. युरोपच्या विद्यापीठांत शिकण्याची वाट मोकळी करणारी इरॅस्मस योजना त्याने सोडली आणि पुढे तिच्यात परतण्यासाठी त्यालाच वाटाघाटी कराव्या लागल्या. आयर्लंडने तर कोणताच कौल दिलेला नव्हता. तरी सीमेचा पेच त्याच्या दारात येऊन बसला. ब्रिटनसारखा संपन्न देशही हद्द बदलताना पुढची पिढी आणि शेजारी यांचा हिशेब आधी मांडू शकला नाही, तेथे नगरपालिकांची काय कथा!

न वाटलेली विहीर

उल्हास खोऱ्यातील सामाईक विहीर म्हणजे येथील नद्या. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, अकराव्या शतकातील शिवमंदिराच्या पायाशी वाहते, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते आणि कल्याणच्या खाडीस मिळते. उल्हास नदीही बदलापूरवरून कल्याणकडे येते. वरच्या गावाने सोडलेले सांडपाणी खालच्या गावाच्या पदरी पडते. मात्र वरच्या गावाच्या अंदाजपत्रकात त्याचा खर्च कोठेही दिसत नाही. लाभ एकाचा आणि हानी दुसऱ्याची, अशा व्यवहारास अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. हद्दी जितक्या अधिक, तितके असे व्यवहार अधिक, कारण हद्दीपलीकडची हानी हा कोणाच्याच जमाखर्चाचा विषय राहत नाही.

उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि २०१५ साली लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक संस्था यांना दंड ठोठावला. तिजोऱ्या वेगळ्या केलेल्या शेजाऱ्यांना लवादापुढे मात्र एकाच बाकावर बसावे लागले. पुढे उल्हासनगरातील जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली, तेव्हा त्यांतील काही आसपासच्या ग्रामीण भागात सरकले. हद्द ओलांडली की नियमाची पकड सैल होते, एवढेच यावरून सिद्ध झाले.

पिण्याच्या पाण्याची स्थितीही अशीच गुंतागुंतीची आहे. उल्हासनगर महानगरपालिकेचा स्वतःचा जलस्रोत नाही. तिला औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घ्यावे लागते. अंबरनाथ आणि बदलापूर यांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरविते. महामंडळाचे बारवी धरण बदलापूरच्या जवळ आहे, पण त्याच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरे जगतात. कचऱ्याचेही तेच. प्रत्येक शहराने आपापली कचराभूमी शोधून पाहिली, प्रत्येक ठिकाणी शेजारच्या वस्तीने विरोध केला, आणि शेवटी तिन्ही शहरांचा सामाईक घनकचरा प्रकल्प बदलापूरनजीक वालिवली येथे उभारण्याचा विचार पुढे आला. जे ऐक्य सत्तेसाठी नको होते ते कचऱ्यासाठी हवेसे झाले, असे म्हणावे लागते.

तरुणांच्या वाट्याला काय आले?

१९९१ साली बदलापूरची लोकसंख्या सुमारे ५२ हजार होती; २०११ साली ती १ लाख ७४ हजारांवर गेली. अंबरनाथ याच काळात सव्वा लाखावरून अडीच लाखांवर पोहोचले. उल्हासनगरात अवघ्या १३ चौरस किलोमीटरांत ५ लाखांहून अधिक माणसे राहत होती. मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबांनी स्वस्त घरांसाठी या शहरांची वाट धरली. अशा वाढीच्या काळात नळ, गटारे आणि रस्ते यांचा तीस वर्षांचा आराखडा लागतो. परंतु लहान संस्थेचे उत्पन्न तुटपुंजे आणि तिची दृष्टी पुढच्या निवडणुकीपुरती. त्यातच १९९९ साली राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली. महानगरपालिकांची मात्र चालू राहिली. महानगरपालिकेतून बाहेर पडलेल्या अंबरनाथ-बदलापूरला हा फरक सोसावा लागला. पुढे महानगरपालिकांचीही जकात गेली आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर त्यांनाही शासनाच्या भरपाईकडे पाहावे लागले. स्वायत्ततेसाठी वेगळे व्हावे आणि अनुदानासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसावे, हा त्यातील विरोधाभास आहे.

उत्पन्नाचे हुकमी साधन उरले ते इमारतींच्या परवानगीचे. या शुल्काचा पैसा आज जमा होतो. त्या इमारतीच्या सांडपाण्याचा खर्च उद्या येतो. उल्हासनगरात तर परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या इमारतींचा प्रश्न इतका वाढला की त्या नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे कालच्या पिढीने बांधले, आजच्या पिढीने दंड भरून ते कायदेशीर करावे आणि उद्याच्या पिढीने त्या जीर्ण भिंतींत राहावे!

१९९२ साली पहिलीत असलेला बदलापूरचा मुलगा आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या पिढीतील अनेकांनी शाळा आपल्या गावात केली, महाविद्यालयासाठी उल्हासनगरचे चांदीबाई वा कल्याण गाठले आणि नोकरीसाठी रोज ठाणे-मुंबई. दिवसाकाठी चार-पाच हद्दी ओलांडणाऱ्या या नागरिकाला मत मात्र एकाच हद्दीत आहे. लोकलची गर्दी, वाटेतील उड्डाणपूल, नदीचे पाणी यांपैकी कशावरही त्याची नगरपालिका एकटी निर्णय घेऊ शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी यांना पूर आला, तेव्हा पाण्याने कोणाचीही हद्द विचारात घेतली नाही.

वाटणीपत्रात काय हवे?

यावर कोणी म्हणेल की सर्व शहरे पुन्हा एक करावीत. तसे प्रस्ताव अधूनमधून निघतात आणि विरोधाच्या गर्दीत विरून जातात. कल्याणलगतच्या २७ गावांचा अनुभव डोळ्यांसमोर आहे: १९८३ साली आत, २००२ साली बाहेर, २०१५ साली पुन्हा आत, आणि २०२० साली त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. दर दहा-पंधरा वर्षांनी हद्द हलू लागली तर नळाची योजना कोणाच्या भरवशावर आखायची?

खरे उत्तर हद्दींच्या फेरफारात नसून वाटणीपत्राच्या कलमांत आहे. त्याचा एक नमुना याच खोऱ्यात सापडतो. बारवी धरणाची उंची वाढविताना विस्थापित कुटुंबांतील तरुणांना नोकऱ्या देण्याचे ठरले, आणि ज्या संस्था धरणाचे पाणी घेतात त्यांनी आपल्या पाण्याच्या वाट्यानुसार त्या नोकऱ्यांचा भार उचलावा, असे सूत्र मान्य झाले. अंमलबजावणीत विलंब झाला, तक्रारी झाल्या; तरी तत्त्व निर्विवाद आहे. लाभ ज्या प्रमाणात, भार त्या प्रमाणात. मग हद्द कोणाचीही असो.

हेच सूत्र वालधुनीच्या शुद्धीकरणास, कचऱ्याच्या विल्हेवाटीस आणि पाण्याच्या वाटपास लावता येईल. चारही नगरांनी आपापली कार्यालये, कर आणि नगरसेवक खुशाल स्वतंत्र ठेवावेत. परंतु खोऱ्यासाठी कायद्याने बांधलेले, स्वतःचा निधी असलेले एक संयुक्त मंडळ असावे. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समितीची तरतूद आहे. आधार शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. यापुढे कोणतेही गाव वा शहर वेगळे करताना पाणी, सांडपाणी, कचरा आणि कर्ज यांचा तीस वर्षांचा ताळेबंद आधी प्रसिद्ध व्हावा आणि शेजारच्या संस्थेचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असावे. सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी आवश्यक नाही म्हटले ते प्रचलित कायद्याच्या चौकटीत. कायदा बदलण्यास विधिमंडळाला कोणी अडविलेले नाही.

भाऊ वेगळे झाले म्हणून कुटुंबाची अप्रतिष्ठा होत नाही. ती होते भाऊ विहिरीचा गाळ काढायचे थांबवतात तेव्हा, आणि त्या गाळाचे पाणी त्यांच्याच मुलांना प्यावे लागते.