११ महिन्यांचं लायसन्स, २२ वर्षांचं लायसन्स

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या माणसाकडे दोन लायसन्स असतात. एक घराचं, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचा करार. तो बहुतेक वेळा ११ महिन्यांचा. दुसरं गाडी चालवायचं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हापासून तिशीच्या आत खाजगी गाडीचं लायसन्स काढलं की ते चाळिशीपर्यंत चालतं. अठराव्या वर्षी काढलं तर २२ वर्षं!

आता गणित करा. २२ वर्षांत ११ महिन्यांचे करार बसतात बरोब्बर २४. निम्म्या वेळा घरमालकाला दया आली आणि तेच घर पुन्हा मिळालं असं धरलं, तरी १२ पत्ते झाले. आणि लायसन्सवर छापलेला पत्ता एकच. आपल्यापैकी कुणी असं डिझाइन रिव्ह्यूला ठेवलं असतं, तर चहा यायच्या आत परत पाठवलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. लायसन्सवर पत्ता असूच नये.

लायसन्स सांगतं काय? तर या माणसाला दुचाकी किंवा चारचाकी चालवता येते आणि अमुक तारखेपर्यंत तशी परवानगी आहे. मी कोथरूडला राहतो की वाकडला, याचा ब्रेक दाबण्याशी संबंध काय? त्यावर अमक्याचा मुलगा, मुलगी की बायको हेही लिहिलेलं असतं. लग्न झालं, नाव बदललं, की बाईने दाखला घेऊन पुन्हा अर्ज करायचा. लग्नानंतर क्लच वेगळा दाबतात की काय?

"अहो, पण पोलिसांनी शोधायचं कसं?" हा ठरलेला प्रश्न. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरावर निघतं, लायसन्सवर नाही. गाडीच्या नोंदणीतला पत्ता बदलायला कायद्याच्या कलम ४९ ने ३० दिवस दिलेत. ते मला मान्य आहे, कारण गाडी ही मालमत्ता आहे. सिग्नलला अडवणारा मामा मात्र लायसन्सवर गाडीचा प्रकार आणि मुदत बघतो. आपल्या फ्लॅटचा नंबर त्याला काय करायचाय?

खरं कारण वेगळंच आहे. आपण या कार्डाचं रेशनकार्ड करून टाकलंय. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत ओळखीच्या कागदपत्रांच्या यादीत लायसन्स आहे. म्हणजे वाहन चालवण्याच्या परवान्यावर ओळखपत्राचं ओझं, आणि ते वाहायचं आपण.

गंमत म्हणजे सरकारला आपला नवा पत्ता आधीच माहीत असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार नोंदवणं सक्तीचं आहे. घरबसल्या अंगठा लावून तो नोंदवताही येतो. मग तोच पत्ता आपण आधी आधारवर बदलायचा, मग सारथी पोर्टलवर जाऊन २०० रुपये फी भरून लायसन्सवर. एकच माहिती दहा टेबलांत कॉपी केलेली, आणि त्या सिंक करणारा क्रॉन जॉब म्हणजे तुम्ही-आम्ही!

श्रेय द्यायला हवं. मार्च २०२१ मध्ये केंद्राने १८ सेवा आधार पडताळणी करून घरूनच घेता येतील असं केलं, त्यात हा पत्ताबदलही आहे. चांगलंच आहे. पण जे काम मुळात नकोच होतं ते ऑनलाइन झाल्याचा आनंद किती मानायचा? आणि सगळे डेटाबेस एकमेकांना जोडून टाका, असंही मी म्हणत नाहीये. ते आणखी भयंकर. ज्याला जी माहिती लागत नाही, त्याने ती ठेवू नये, एवढंच.

हे शक्य आहे. युरोपीय संघाच्या लायसन्सच्या नमुन्यात पत्त्याचा रकाना ऐच्छिक आहे आणि जर्मनीने तो ठेवलेलाच नाही. तिथे घर बदललं की नगरपालिकेत नोंद करायची. लायसन्स खिशात तसंच.

स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. त्रास भाडेकरूला, बदलीवाल्याला, गाव सोडून आलेल्याला. त्यातले बरेचजण वैतागून गावचाच पत्ता ठेवतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. जो प्रामाणिकपणे दर वेळी बदलतो, तोच रजा टाकतो, फी भरतो, कार्डाची वाट बघतो.

प्रामाणिक माणसालाच दंड करणाऱ्या नियमाला आमच्या धंद्यात बग म्हणतात. सरकारी भाषेत त्याला रकाना म्हणत असावेत. तो काढून टाका.