खाणावळीची चव आणि घरचा वाल

पनवेल हें फार जुन्या काळापासून वाटसरूंच्या मुक्कामाचें गांव आहे. बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, तेव्हां मुंबईहून पुण्यास जाणारे लोक होडीनें खाडींतून पनवेल बंदरास उतरत व येथून पुढें घाटाची वाट धरीत. पुढें आगगाडी आली, मोटारी आल्या, आणि २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला. तरी पनवेलास थांबून चार घांस खावे आणि मग पुढें जावें, ही वाटसरूंची रीत मोडली नाहीं. सबब येथें खाणावळींस कधीं तोटा पडला नाहीं, आणि त्या खाणावळींच्या ताटांत वालाची उसळ, अर्थात् आपलें बिरडें, मानाची जागा राखून आहे.

यांत नवल कांहीं नाहीं. नवल आहे तें निराळेंच. हल्लीं त्या ताटावर बसणारांत वाटसरूंबरोबर आसपासच्या गांवांतील शेतकरीहि दिसतात. ज्यांच्या भाताच्या खाचरांत कालपर्यंत वाल होत असे, तेच आज वाटीभर उसळ विकत घेऊन खातात. विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: “तशी चव घरीं येत नाहीं.” हें उत्तर वरवर पाहतां स्वयंपाकघरांतलें दिसतें, परंतु त्याची मुळें शेतापर्यंत जातात, असें आमचें मत आहे, व तेंच या लेखांत मांडावयाचें आहे.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. नांगर धरण्याचा अनुभव आम्हांस नाहीं. परंतु पीकपाहणीचीं पत्रकें व सात-बाराचे उतारे पुष्कळ हातांखालून गेले. ज्या खाचरापुढें खरिपास ‘भात’ व रब्बीस ‘वाल’ अशी नोंद वर्षानुवर्षें चालत आली, त्याच खाचरापुढें पुढें रब्बीचा रकाना ‘पड’ या एका शब्दानें भरला जाऊं लागला. कारणें विचारावीं तर मजूर नाहींत, गुरें मोकाट सुटतात, भाव नाहीं, अशीं सांगण्यांत येत. हीं कारणें खोटीं नव्हेत. पण त्यांच्या जोडीला एक कारण होतें तें कोणी सांगत नसे: घरांत वाल खाणारेंच उरलें नव्हतें. जें पीक घरच्या ताटांत येत नाहीं, त्यासाठीं मोकाट गुरांशीं झगडा करण्यास कोण उभा राहील?

म्हणून प्रथम त्या चवीचाच उलगडा करूं. खाणावळीची उसळ घरच्या उसळीहून चवदार लागते याला कांहीं गुप्त मसाला कारण आहे, अशी समजूत सर्वत्र आहे. ती खरी नाहीं. कारणें चार आहेत, व चारहि घरच्या चुलीला साधणारीं आहेत.

पहिलें कारण, दाणा. चालत्या खाणावळीचा वाल फार दिवस पडून राहत नाहीं. उलट घरीं डब्याच्या तळाशीं दोन दोन पावसाळे काढलेला वाल असतो. उष्ण व दमट हवेंत साठविलेलें कडधान्य दिवसेंदिवस कठीण होत जातें, व मग कितीहि शिजविलें तरी त्यांत गणंग दाणे राहतातच. याचा अर्थ असा कीं, चांगल्या उसळीचें पहिलें साधन शेतकऱ्यापाशींच आहे. त्याच्याइतका ताजा वाल कोणत्याहि हॉटेलवाल्यास मिळत नाहीं.

दुसरें कारण, तेल. खाणावळींत तेलाचा हात सैल असतो. हिंग, मिरची, लसूण यांचा स्वाद पाण्यापेक्षां तेलांत अधिक उतरतो. म्हणून पुरेशा तेलाची फोडणी दाण्यादाण्याला लागते. घरीं चमचाभर तेलांत पातेलेंभर उसळ करावयाची आणि तिला खाणावळीची चव यावी अशी अपेक्षा धरावयाची, हें न्यायाचें नव्हे. रोज असें तेल खावें असें आमचें म्हणणें नाहीं. आठवड्यांतून एकदां करावें, पण नीट करावें.

तिसरें कारण, भाजणें. खाणावळींत कांदा व सुकें खोबरें तांबूस होईपर्यंत भाजून त्यांचें वाटण घालतात. घाईच्या घरांत कांदा नुसता मऊ करून त्यावर तयार मसाला टाकतात. उसळीला रंग व खमंगपणा येतो तो त्या भाजण्यामुळें.

चौथें कारण, मुरणें. खाणावळींत सकाळीं शिजलेली उसळ दुपारच्या पंगतीस वाढली जाते. तेवढ्या वेळांत रस दाण्यांत शिरतो. घरीं मात्र चुलीवरून उतरली कीं ताटांत, असा प्रकार होतो.

आतां कृति देतों. पांच माणसांस पाव किलो कडवे वाल पुरे होतात. ते निवडून दहा-बारा तास पाण्यांत भिजवावे. हें पहिलें पाणी टाकून द्यावें. त्यांत कडूपणाचा कांहीं अंश जातो. मग वाल ओल्या फडक्यांत घट्ट बांधून उबेस ठेवावे. उन्हाळ्यांत एका दिवसांत व थंडींत दीड-दोन दिवसांत मोड येतात. मोड आलेले वाल कोमट पाण्यांत थोडा वेळ टाकले म्हणजे सालें सुटतात, व दाणा चिमटीत धरून दाबला कीं डाळिंबी बाहेर पडते. एक सूचना येथेंच देऊन ठेवतों: वाल कच्चे खाऊं नयेत. कच्च्या दाण्यांत प्रकृतीस अपायकारक अशीं कांहीं द्रव्यें असतात. भिजवून, पाणी टाकून, नीट शिजविल्यानें त्यांचें निवारण होतें.

दोन कांदे उभे चिरून थोड्या तेलांत तांबूस करावे. अर्धी वाटी सुकें खोबरें निराळें भाजावें, व दोन्हींत आठ-दहा लसणीच्या पाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर घालून बारीक वाटावें. पातेल्यांत चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरें, हिंग, हळद व कढीलिंब यांची फोडणी करावी. दोन लहान चमचे लाल तिखट तेलांत घालून तें करपण्याच्या आंत डाळिंब्या टाकाव्या. उलथन्यानें ढवळूं नये, पातेलें हलवावें. नाहीं तर डाळिंब्या मोडतात. मग दाणे बुडतील इतकें कढत पाणी घालून वर पाणी भरलेलें झांकण ठेवावें व मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटें शिजूं द्यावें. पाणी आटलें तर झांकणावरचें ऊन पाणीच आंत घालावें. थंड पाणी घातल्यास शिजणें खोळंबतें.

दाणा बोटानें दबूं लागला म्हणजे वाटण, मीठ, सुपारीएवढा गूळ व चार-पांच आमसुलें घालावीं. आमसूल आधीं कधींहि घालूं नये. आंबटानें दाण्याचें अंग आवळून राहतें आणि तो शिजत नाहीं. मिठानें दाणा शिजत नाहीं असें पुष्कळजण मानितात. परंतु खरा अडथळा आंबटाचा व कूपनलिकेच्या जड पाण्याचा आहे. शेवटीं पळीभर डाळिंब्या पातेल्याच्या कडेला ठेचून रसांत मिसळाव्या, म्हणजे रस दाट होतो. उतरविल्यावर निदान एक तास झांकून ठेवावी. तेल वर तरंगूं लागलें कीं उसळ मुरली असें समजावें.

शिजविण्यास लवकर हात मिळावा म्हणून कांहीं ठिकाणीं खाण्याचा सोडा घालतात. तो घरीं वापरूं नये. सोड्यानें दाणा गळून जातो, रसाला साबणासारखी चव येते, आणि कडधान्यांतील ‘ब’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. घाई असेल तर सोड्याऐवजीं प्रेशर कुकरची एक शिटी करावी.

हेच नियम दूरच्या देशांतहि पाळतात. मेक्सिको व ब्राझील या देशांत काळा घेवडा हें रोजचें अन्न आहे. तेथेंहि घेवडा शिजलेलें पाणी फेंकीत नाहींत, व थोडे दाणे ठेचून रस दाट करितात. आपल्याच कोंकणांत दक्षिणेस सिंधुदुर्गाकडे काळ्या वाटाण्याची उसळ अशीच भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणांत होते. तिचीं सालें मात्र काढावीं लागत नाहींत. सारांश, ही विद्या सर्वत्र गरिबाच्या चुलीवर वाढलेली आहे. हॉटेलांनीं ती तेथून उचलली, तेथें निर्माण केली नाहीं.

यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा. वाल सोलण्यास बायकांना सवड कोठें आहे, असें पुरुष म्हणतात. आक्षेप बरोबर आहे, पण त्याचें उत्तर आक्षेप घेणाराच्या हातांत आहे. डाळिंब्या काढण्यास कांहीं शास्त्र लागत नाहीं. पाव किलो वाल चार माणसें मिळून बोलतां बोलतां सोलून होतात. जो शेतकरी खळ्यावर स्वतः वाल झोडतो, त्यानें घरीं बसून मूठभर सोलण्यांत कमीपणा मानूं नये.

दुसरा आक्षेप, पोपटीचा. थंडींत वालाच्या ओल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर मडक्यांत भरून पोपटी लावण्याची आपली चाल अजून टिकून आहे, मग वाल गेला कोठें, असें कोणी विचारील. पोपटी आम्हांसहि प्रिय आहे. पण ती एका रात्रीची मौज आहे, आणि तींत ओली शेंग खपते. शेतांत पीक टिकवितो तो सुकलेला दाणा. तो वर्षभर डब्यांत राहतो, खाल्ला जातो, व त्यांतलाच निवडक भाग पुढल्या सालचें बियाणें होतो. ज्या घरीं वाल खात नाहींत त्या घरीं वालाचें बीहि राहत नाहीं. मग एखाद्या वर्षीं पेरावेंसें वाटलें तरी बाजारांतून आणावें लागतें, आणि आपल्या खाचराच्या मातीला पिढ्यान् पिढ्या मानवलेलें बी तें नव्हेच.

आतां शेताकडे वळूं. भात कापल्यावर जमिनींत जी ओल राहते तेवढ्यावर वाल येतो; त्याला पाटाचें पाणी लागत नाहीं. साडेतीन-चार महिन्यांत पीक हातीं लागतें. शेंगधारी पिकांच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरून ठेवतात, हें जर्मनींत हेलरीगेल यानें १८८६ सालीं दाखवून दिलें. आपल्या पूर्वजांना नत्राचें नांव ठाऊक नव्हतें. पण वालाच्या मागून भात बरा येतो हें ठाऊक होतें. दाण्यांत शेंकडा वीस ते पंचवीस भाग प्रथिनें असतात. संयुक्त राष्ट्रांनीं २०१६ हें वर्ष कडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, व २०१९ पासून दर सालीं १० फेब्रुवारी हा कडधान्यांचा दिवस पाळण्यांत येतो. त्या दिवशीं आपल्या तालुक्यांत वाल शेंगेवर असतो, किंबहुना असावयास पाहिजे.

मुख्य अडचण मोकाट गुरांची. एकट्यानें वाल पेरला तर तो गांवच्या गुरांचा होतो, हें कोणीहि शेतकरी सांगेल. दहा जणांनीं एका पट्ट्यांत लगत लगत पेरला, तर राखणीचा खर्च दहांत वांटला जातो व कुंपणहि एकच पुरतें. म्हणून हा निर्णय एका घराचा नसून गांवाचा आहे, आणि तो भात कापण्यापूर्वींच बसून घेतला पाहिजे. खारपट्टींतील जमिनीस ही गोष्ट लागू नाहीं. पण गोड्या जमिनीच्या गांवांस आहे.

आणखी एक गोष्ट कारकुनाच्या नात्यानें सांगतों. २०२१ सालापासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करावयाची असते. वाल पेरला असेल तर ती नोंद हंगामांतच करावी. खाचराच्या चार कोपऱ्यांत वाल आणि दप्तरीं ‘पड’, असें असूं नये. नुकसानभरपाईचा प्रश्न आला म्हणजे दप्तर काय बोलतें तेंच पाहिलें जातें.

या तालुक्यांत जमिनीचें मोल काय व तिचा ओघ कोठें आहे हें वाचकांस सांगावयास नको. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, व नव्या मुंबईकरितां ठाणें, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. त्या गेल्या त्या गेल्या. ज्या राहिल्या आहेत त्यांतील आठ महिने पडीत असलेली जमीन विकण्यास मन लवकर तयार होतें. कारण ती कांहीं देत नाहीं असें वाटूं लागतें. दुसरें पीक उभें असलेली जमीन विकतांना माणूस दोनदां विचार करितो. एका वाटी उसळीनें जमीन वांचेल असा आमचा दावा नाहीं. परंतु जमीन राखण्याचीं जीं कारणें शेतकऱ्याच्या घरांत असावीं लागतात, त्यांत घरचें अन्न हें एक आहे, आणि तें आपण आपल्या हातानें कमी करीत आहों.

म्हणून वाचक बंधूंस विनंती एवढीच कीं, येत्या हंगामीं निदान पांच गुंठे वाल पेरावा. निघालेल्या दाण्यांतील चांगला भाग वाळवून, राखेंत घोळवून बियाण्यासाठीं ठेवावा. राहिलेला वर्ष संपण्याच्या आंत घरांतच खाऊन संपवावा. उसळ वर दिल्याप्रमाणें करून पाहावी. मग खाणावळींत जावयाचें तर अवश्य जावें. पण तेथील ताटांत वाल कोणाच्या शेतचा आहे, हें विचारून यावें. उत्तर आपल्याच गांवचें मिळालें, तर आपला तालुका अजून शेतकऱ्याचा आहे असें समजण्यास हरकत नाहीं.