चेसिस नंबर वाचल्यावांचून इसार देऊं नये

बैल घेतांना त्याचे दांत पाहावे लागतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दोन दाती, चार दाती कीं जुळलेला, हें हेड्याच्या तोंडून न ऐकतां बैलाचें तोंड उघडून पाहण्याची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची चाल आहे. पण तोच शेतकरी जुनी मोटारसायकल घेतो, तेव्हां ती अठरा सालची आहे एवढ्या शब्दावर विसंबून शंभर कोसांवरच्या व्यापाऱ्यास फोनवरून इसार धाडतो, हें पाहून आम्हांस नवल वाटतें. मोटारसायकलीलाही दांत असतात. ते मुठीखालीं, सांगाड्याच्या मानेवर उमटविलेले असतात. त्यांस चेसिस नंबर म्हणतात. तो वाचल्यावांचून एक रुपयाही पाठवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दूरचा व्यापारी म्हणजे लबाडच, असें आम्ही म्हणत नाहीं. पुण्या-मुंबईकडे गाड्यांचा भरणा मोठा, त्यामुळें तेथें तालुक्याच्या गांवाहून कमी भावांत चांगली गाडी मिळूं शकते. डेअरीवर दूध घालावयास, गवताचा भारा आणावयास, खताचें पोतें टाकावयास गाडी लागतेच; आणि चार पैसे वांचत असतील तर ते कां वांचवूं नयेत? परंतु जवळच्या व्यापाऱ्याच्या दारांत आपण उद्यां जाऊन बसूं शकतों, दूरच्याच्या नाहीं. म्हणून जें जवळच्या सौद्यांत मागाहून पाहिलें तरी चालतें, तें दूरच्या सौद्यांत आधीं पाहावें लागतें.

सध्यांच्या गाड्यांवर हा नंबर सतरा स्थानांचा असतो. अंक व इंग्रजी अक्षरें यांचें तें मिश्रण होय. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ३७७९ क्रमांकाच्या मानकास धरून त्याची रचना असते. आय, ओ व क्यू हीं तीन अक्षरें त्यांत येत नाहींत, कारण एक व शून्य या अंकांशीं त्यांचा घोटाळा होतो. तेव्हां व्यापाऱ्यानें लिहून पाठविलेल्या नंबरांत ओ दिसला, तर त्यानें शून्य चुकून तसें लिहिलें आहे किंवा नंबरच बनावट आहे, असें समजावें.

पहिलीं तीन स्थानें कारखान्याचीं. भारतांतील बहुतेक वाहनांचें पहिलें अक्षर एम व दुसरें ए पासून ई पर्यंतचें असतें. एमबीएल म्हणजे हीरो, एमडी२ म्हणजे बजाज, एमडी६ म्हणजे टीव्हीएस, एमई३ म्हणजे रॉयल एनफिल्ड आणि एमई४ म्हणजे होंडा. टाकीवर एका कारखान्याचें नांव व मानेवर दुसऱ्याचीं अक्षरें असल्यास पुढील बोलणेंच नको. चौथ्या स्थानापासून गाडीचा प्रकार, इंजिन वगैरे सांगितलेलें असतें. पण ही भाषा प्रत्येक कारखान्याची निराळी. तिचा अर्थ लावण्याच्या फंदांत न पडतां, गांवांत त्याच प्रकारची व त्याच सुमाराची गाडी असल्यास तिच्याशीं हीं अक्षरें ताडून पाहावीं, हें बरें. शेवटचीं स्थानें अनुक्रमांकाचीं होत.

खरें महत्त्व आहे तें दहाव्या स्थानास. बहुतेक कारखाने तेथें वर्षाचें चिन्ह घालतात. २००१ ते २००९ या वर्षांस एक ते नऊ हे अंक; २०१० पासून ए, बी, सी या क्रमानें अक्षरें. आय गाळला जात असल्यामुळें २०१७ चें अक्षर एच व २०१८ चें जे. पुढें के, एल, एम व एन हीं २०१९ ते २०२२ चीं. मग ओ गाळून २०२३ ला पी, क्यू गाळून २०२४ ला आर, २०२५ ला एस आणि २०२६ ला टी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२२ व्या नियमान्वयें कारखान्यास उत्पादनाची वेळही वाहनावर दाखवावी लागते. परंतु महिन्याचें चिन्ह निरनिराळे कारखाने निरनिराळ्या स्थानीं घालीत असल्यामुळें तें आर.सी. बुकावरून पाहणेंच सोयीचें.

या एका अक्षरानें काय होतें, हें दोन प्रसंगांवरून कळेल. सर्वोच्च न्यायालयानें २९ मार्च २०१७ रोजीं निकाल दिला व १ एप्रिलपासून भारत स्टेज तीन प्रतीच्या नव्या वाहनांची विक्री बंद झाली. मध्यें दोनच दिवस उरले. त्या दोन दिवसांत दुकानांत पडून राहिलेल्या गाड्या मोठी सूट देऊन काढून टाकण्यांत आल्या. अशी एखादी गाडी आज विकावयास निघाली, तर तिच्या कागदावर नोंदणी २०१७ ची आणि मानेवर अक्षर जी, म्हणजे २०१६ चें, असूं शकतें. यांत लबाडी कांहींच नाहीं. पण ती सतरा सालची म्हणून सतराच्या भावानें घेणें म्हणजे चार दाती म्हणून सहा दाती बैल घेणें होय.

दुसरा प्रसंग याहून महत्त्वाचा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाली व बहुतेक मोटारसायकलींतून जुना कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणीची विजेवर चालणारी योजना आली. म्हणजे वीस सालची गाडी असें म्हणतांच दोन अगदीं भिन्न यंत्रें डोळ्यांपुढें येतात; एक गांवच्या मिस्त्रीच्या हातांतलें, दुसरें तपासणीस निराळीं साधनें मागणारें. मानेवर के असेल तर ती बहुधा जुन्या प्रतीची. एल असेल तर दोन्ही शक्यता राहतात, आणि मग आर.सी. बुकांतील प्रदूषण मानकाची नोंद पाहिल्याशिवाय गत्यंतर नाहीं. यांपैकीं कोणती गाडी चांगली, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. कार्बोरेटरवाल्या गाडीवर खूष असलेले शेतकरी पुष्कळ आहेत. आपण काय घेत आहों तें ठाऊक असावें, एवढेंच आमचें म्हणणें.

यांतच इथेनॉलचा प्रश्न येतो. आपल्या उसापासून निघालेलें इथेनॉल आज वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलांत मिसळलें जातें. त्याचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु अशा पेट्रोलास टिकणारे रबरी व इतर भाग नव्या गाड्यांत बसविण्याची सुरुवात एप्रिल २०२३ पासून झाली. त्याआधींच्या गाडीच्या नळ्या व सीलें यांवर नजर ठेवावी लागते. पी अक्षर दिसलें तर महिना पाहावा. एन किंवा त्यामागचें असेल तर नळ्या बदलण्याचा खर्च भावांतून वजा करून मागावा.

एक सावधगिरीची सूचना. नंबर टाकतांच तो खरा कीं खोटा हें सांगणारीं यंत्रें आतां फोनवर मिळतात. त्यांतील पुष्कळशीं अमेरिकेच्या रीतीवर चालतात. तेथें १९८१ पासून नवव्या स्थानीं पडताळ्याचें चिन्ह सक्तीचें आहे; बाकीच्या स्थानांवरून गणित करून तें काढतात. आपल्याकडे तशी सक्ती नसल्यामुळें अगदीं सच्चा भारतीय नंबरही त्या गणितांत नापास होतो. तेवढ्यावरून व्यापाऱ्यास चोर ठरवूं नये. आणि फार जुनी गाडी असेल तर सतरा स्थानेंच नसतात; तेथें वरील एकही नियम लावूं नये, जाणत्या मिस्त्रीसच विचारावें.

आतां मुख्य तक्रारीकडे वळूं. नंबर मागितला असतां, "त्याचा दुरुपयोग होतो, आम्ही देत नाहीं," असें उत्तर अनेक व्यापारी देतात. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. सरकारी वाहन पोर्टलवर कित्येक कामांकरितां चेसिस नंबराचीं शेवटचीं पांच स्थानें विचारलीं जातात, तेव्हां तीं कोणाही चौकशी करणाऱ्यास देऊं नयेत हें रास्तच आहे. पण कारखाना, प्रकार व वर्ष हें सर्व पहिल्या बारांत येऊन जातें! शेवटच्या पांचांवर बोट ठेवून मानेचें छायाचित्र पाठवावयास कोणती अडचण? एवढें करावयासही जो तयार नाहीं, त्याच्याशीं व्यवहार करूं नये. मग तो भावांत कितीही सूट देवो. टंकलेला नंबर मात्र मान्य करूं नये. छायाचित्र उमटविलेल्या अक्षरांचेंच हवें.

बाराव्या स्थानापर्यंत समाधान झालें कीं मग स्वतः जावें किंवा त्या गांवच्या पाहुण्यास धाडावें. रॉकेल लावलेल्या फडक्यानें मान पुसून तीवर कागद ठेवून पेन्सिल घासावी. आरटीओच्या कामांत असाच छाप घेतात. अक्षरांची उंची सारखी आहे काय, कोठें कानस फिरली आहे काय, मानेजवळ नवें वेल्डिंग किंवा नवा रंग आहे काय, हें पाहावें. मग सतराही स्थानें व इंजिन नंबर आर.सी. बुकाशीं एकेक करून ताडावीं. हा कंटाळा परवडतो. चोरीची गाडी पोलिसांनीं उचलली तर पैसे तर जातातच. शिवाय भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या ३१७ व्या कलमाप्रमाणें, माल चोरीचा आहे असें मानण्यास कारण असतांही तो अप्रामाणिकपणें घेणारा गुन्हेगार ठरतो. घासलेला नंबर डोळ्यांदेखत असतां मला ठाऊक नव्हतें असें सांगणें अवघड जाईल.

गाडीचें इंजिन झिजलें आहे काय, पुढचा काटा वांकला आहे काय, हें नंबर सांगत नाहीं. तिच्यावर कर्ज आहे काय हेंही नाहीं, तें आर.सी. बुकांतील बोजाच्या नोंदीवरून कळतें, आणि कर्ज फिटलें असल्यास वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ हवा. मालकीबदलास नमुने २९ व ३० लागतात. गाडी परप्रांतांतील असेल तर तेथील कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि येथें भरावा लागणारा कर, यांचा हिशेब भाव ठरवितांनाच करावा. पंधरा वर्षांची मुदत मात्र नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, मानेवरील अक्षरापासून नव्हे.

तालुका खरेदी-विक्री संघांनीं वर्षाक्षरांचा तक्ता आपल्या कचेरींत लावावा व एखाद्या जाणत्या नोकराकडून सभासदांस नंबर वाचून द्यावा, अशी आमची सूचना आहे. बियाण्याच्या पिशवीवरील लॉट नंबर व तारीख आपण आतां वाचून घेऊं लागलों आहोंत. त्या मानानें हें काम फारसें अवघड नाहीं, आणि त्यास खर्च तर एका पुठ्ठ्याचा आहे.