संताप उदंड, समिती कुठे?

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: चित्रपट, मालिका व वेब मालिकांच्या चित्रीकरणस्थळी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असल्याची खातरजमा शासकीय अनुदान व परवानगीशी जोडण्याबाबत.

महोदय,

मनोरंजन क्षेत्रातील लैंगिक छळाची प्रकरणे आपल्याकडे ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतात. एखादी अभिनेत्री किंवा सहायक दिग्दर्शिका बोलते. आठ-दहा दिवस वाहिन्यांवर चर्चा झडतात, संघटना निषेधाची पत्रके काढतात, एखाद-दुसरा राजीनामा येतो आणि पुढच्या शेड्यूलला सगळे पूर्ववत होते. या काळातला सारा रोष व्यक्तींवर असतो. तक्रार ऐकण्याची सोय ज्या निर्मिती संस्थेने करायची आणि ती झाली की नाही हे ज्या शासनाने पाहायचे, ती दोन्ही नामानिराळी राहतात. निषेध करणाऱ्यांत तीच आघाडीवर दिसतात. या क्षेत्रातील दांभिकतेचे मूळ येथे आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार आहे.

कायद्याची उणीव हे त्याचे कारण नाही. राजस्थानात गावपातळीवर महिला विकासाचे काम करणाऱ्या ‘साथिन’ भंवरी देवी यांच्यावर 1992 मध्ये झालेल्या अत्याचारानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 1997 मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती देशातील सर्व कामाच्या ठिकाणांना बंधनकारक होती. त्यांची जागा 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने घेतली. ‘पॉश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या करताना मनोरंजनाच्या व्यवसायाचा स्पष्ट उल्लेख आहे. कामानिमित्त जावे लागते ती प्रत्येक जागा आणि मालकाने पुरवलेले वाहनही त्यात येते. कर्मचारी म्हणजे केवळ पगारी नोकर नव्हे. रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, मानधनाशिवाय काम करणारी व्यक्तीही कर्मचारीच ठरते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला हवी, किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा. तक्रारीची मुदत तीन महिने असून ती आणखी तीन महिन्यांनी वाढवता येते. चौकशी 90 दिवसांत पुरी करायची असते. समिती नेमली नाही तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास परवानाही रद्द होऊ शकतो.

कायदा असूनही काय घडते, याचा सर्वांत सविस्तर पुरावा केरळमध्ये मिळतो. फेब्रुवारी 2017 मध्ये कोचीत एका अभिनेत्रीचे अपहरण करून धावत्या मोटारीत तिच्यावर अत्याचार झाला. कटाच्या आरोपावरून अभिनेते दिलीप यांना जुलैमध्ये अटक झाली आणि ‘अम्मा’ या कलाकार संघटनेने त्यांना तातडीने काढून टाकले. वर्षभरात, जून 2018 मध्ये, त्याच संघटनेने हा निर्णय फिरवला. खटला तेव्हा सुरूच होता. पीडितेसह चार अभिनेत्रींनी संघटना सोडली. डिसेंबर 2025 मध्ये एर्नाकुलमच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले आणि दिलीप यांची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला असता, तरी संघटनेच्या दोन्ही निर्णयांमागे चौकशी नव्हती. पहिला जनक्षोभ पाहून घेतला होता आणि दुसरा तो ओसरल्यावर.

याच घटनेनंतर स्थापन झालेल्या ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’च्या मागणीवरून केरळ सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. ज्येष्ठ अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी या तिच्या अन्य सदस्य होत्या. अहवाल 31 डिसेंबर 2019 रोजी सादर झाला आणि बाहेर आला 19 ऑगस्ट 2024 रोजी, तोही काही भाग वगळून. मधली साडेचार वर्षे तो सरकारी कपाटात होता. कामाच्या बदल्यात केली जाणारी शरीरसुखाची मागणी, नकार देणाऱ्यांना काम न मिळणे, लेखी कराराचा अभाव हे सारे त्यात आहे. एक तपशील मात्र कोणत्याही आरोपापेक्षा जास्त सांगून जातो. बाह्य चित्रीकरणाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसते. त्यामुळे स्त्रिया तासन् तास पाणी पीत नाहीत, झुडपांचा आडोसा शोधतात आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. ज्या निर्मितीच्या हिशेबात स्वच्छतागृहाला जागा नाही, तिच्यात तक्रार समितीला जागा असण्याची शक्यता कमीच.

अहवाल प्रसिद्ध होताच संतापाची लाट उसळली. आठ दिवसांत राज्य चलच्चित्र अकादमीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, ‘अम्मा’ची संपूर्ण कार्यकारिणी पायउतार झाली आणि विशेष तपास पथक नेमले गेले. जून 2025 मध्ये सरकारने उच्च न्यायालयाला सांगितले की, अहवालाच्या आधारे नोंदवलेली 35 प्रकरणे बंद करण्यात आली आहेत, कारण संबंधित स्त्रिया जबाब द्यायला पुढे आल्या नाहीत. समितीपुढे त्या गोपनीयतेच्या भरवशावर बोलल्या होत्या. इतक्या वर्षांनी, उघडपणे आणि पोलिसांसमोर तेच सांगण्याची अपेक्षा फोल ठरली.

महाराष्ट्राला हा धडा घरातच मिळालेला आहे. 2008 मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ या चित्रपटाच्या सेटवर घडलेल्या प्रसंगाबाबत अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी ‘सिंटा’ या मुंबईतील कलाकार संघटनेकडे दाद मागितली होती. त्यांनी 2018 मध्ये तो विषय पुन्हा मांडला, तेव्हा लैंगिक छळाच्या मूळ मुद्द्याची दखलच घेतली गेली नव्हती हे संघटनेने मान्य केले. पण तीन वर्षांहून जुने प्रकरण नियमानुसार उघडता येत नाही, अशी पुस्तीही जोडली. ज्यांच्यावर आरोप होते त्या अभिनेते नाना पाटेकर यांनी ते सातत्याने फेटाळले. 2019 मध्ये ओशिवरा पोलिसांनी पुराव्याअभावी तपास बंद करण्याचा ‘बी समरी’ अहवाल दिला आणि मार्च 2025 मध्ये अंधेरीच्या न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून दखल घेण्यास नकार दिला. सतरा वर्षे समाज दोन तटांत विभागून भांडला. साक्षीदार सेटवर होते, आठवणी ताज्या होत्या, त्या वेळी तीन महिन्यांत होऊ शकणारी चौकशी मात्र झाली नाही. याचा तोटा तक्रार करणारीला झाला, तसाच आरोप नाकारणाऱ्यालाही.

समिती उभी राहत नाही याची कारणे या धंद्याच्या रचनेत आहेत. निर्मिती संस्था एका चित्रपटापुरती जमते आणि पॅकअप झाले की विखुरते. ज्युनियर आर्टिस्ट कोऑर्डिनेटरमार्फत येते, हेअर ड्रेसर दिवसाच्या बोलीवर येते आणि मालिकेत वाहिनी, निर्माता व लाइन प्रोड्यूसर असे तीन धनी असतात. मालक कोण, हे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. केरळ उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये ही पळवाट बंद केली: प्रत्येक चित्रपटाचे निर्मिती युनिट हेच कामाचे ठिकाण आहे आणि समिती तेथेच हवी. मे 2023 मध्ये गोवा विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही दशकभरानंतर कायद्याच्या अंमलबजावणीत राहिलेल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवले.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. खोट्या तक्रारींचा पूर येईल, हा पहिला. द्वेषबुद्धीने केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद कायद्यातच आहे. केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तेथेच नमूद आहे. शिवाय दोन्ही पक्षांची ओळख व चौकशीचा तपशील गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. वाहिन्यांवरील निवाड्यात यातले काहीच मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो हेमा समितीनेच घेतला: निर्मात्याने नेमलेली समिती त्याच्याच दबावाखाली राहील, म्हणून स्वतंत्र न्यायाधिकरण हवे. त्यासाठी वेगळा कायदा लागेल. तोवर सध्याच्या कायद्यातील दोन सोयी वापरता येतात. एक, संस्थेबाहेरचा सदस्य. दुसरी, जिल्ह्याची स्थानिक समिती. आरोप खुद्द मालकावर असेल किंवा युनिट दहापेक्षा लहान असेल, तर तक्रार तिच्याकडे जाते.

सांस्कृतिक कार्य विभाग या साखळीत बघ्याच्या जागी नाही. मराठी चित्रपटांना शासन अनुदान देते, गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी शासनाच्या महामंडळाची आहे आणि चित्रीकरणाच्या परवानग्या एक खिडकी पद्धतीने दिल्या जातात. या तिन्ही ठिकाणी पुढील गोष्टी अनिवार्य कराव्यात.

1. परवानगीच्या अर्जासोबत समिती नेमल्याचा आदेश जोडावा. समितीची मुदत चित्रीकरणापुरती न ठेवता प्रदर्शनानंतर किमान सहा महिने असावी, म्हणजे पॅकअपनंतरही तक्रारीला पत्ता राहील.

2. बाहेरच्या सदस्यांची नामिका विभागाने महिला आयोगाच्या सल्ल्याने तयार करावी. निर्मात्याने त्यातूनच निवड करावी.

3. समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक रोजच्या कॉल शीटवर द्यावेत, तसेच स्थानिक समितीचा पत्ता सेटवर मराठी व हिंदीत लावावा. कोऑर्डिनेटरमार्फत आलेल्यांनाही तो दिसला पाहिजे.

4. बाह्य चित्रीकरणस्थळी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची बंदिस्त जागा ही परवानगीची अट असावी.

5. कायद्याच्या कलम 25 नुसार नोंदी तपासण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. संबंधित विभागाच्या समन्वयाने तो वर्षातून एकदा तरी वापरावा आणि समिती नसलेल्या संस्थांची यादी प्रसिद्ध करावी.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. अनुदानाचा पुढचा हप्ता आणि परवानगीचा पुढचा अर्ज यांपासून सुरुवात करता येईल.

प्रत माहितीसाठी:
1. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य महिला आयोग, मुंबई
2. अध्यक्ष, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, कोल्हापूर