स्वस्तातलं यंत्र आणि चार अपघात



बैल घ्यायला बाजारात गेलं की आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवून पाहतो. पण यंत्र घेताना ही हुशारी कुठं जाते कोण जाणे! आमच्या शेजारच्या मळ्यात पॉवर टिलर आला. हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. ऐन पेरणीत एक लहानसा भाग तुटला आणि तो मिळायला तीन आठवडे लागले. तोवर वाफसा निघून गेला. घरधनीण मला म्हणाली, "भाऊ, टिलर स्वस्त मिळाला, पण पेरणी महागात पडली."

तेव्हा मला इक्वेडोर देशाची गोष्ट आठवली.

दक्षिण अमेरिकेतला हा देश आपल्या महाराष्ट्राहूनही आकारानं थोडा लहान. केळीच्या निर्यातीत मात्र जगात पहिला. जळगावकडच्या बागाईतदारांनी नाव ऐकलं असेल. मधून अँडीज पर्वत गेलेला. राजधानी कीतो २,८५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर वर. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात म्हणून ते वर उचललं जातं. हवाच विरळ असली की यंत्राला दम लागतो. तिथं हेलिकॉप्टर उडवणं म्हणजे भरली गाडी घाटात चढवणं.

या देशाच्या हवाई दलाला हेलिकॉप्टरं हवी होती. युरोप, इस्रायल, रशियाचे विक्रेतेही स्पर्धेत होते. सर्वांत कमी बोली निघाली आपल्या बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सची. २००८ मध्ये सात 'ध्रुव' हेलिकॉप्टरांचा सौदा ठरला. किंमत ४ कोटी ५२ लाख डॉलर. आपल्याकडेही आनंद झाला. आपल्या देशात बनलेलं हेलिकॉप्टर साता समुद्रापार चाललं होतं.

२००९ मध्ये हेलिकॉप्टरं पोचू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कीतोमध्ये लष्करी संचलन चालू असताना त्यातलं एक कोसळलं. वैमानिक वाचले. २०१४ च्या फेब्रुवारीत दुसरं पडलं, तिघे प्राणास मुकले. २०१५ च्या जानेवारीत तर एकाच महिन्यात दोन पडली. सातांतली चार गेली. उरलेली तीन जमिनीवर उभी केली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये इक्वेडोरनं करारच मोडला.

दोष कुणाचा? तिकडचे म्हणाले, सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. इकडचे म्हणाले, हमीची मुदत संपली होती, देखभाल तुमच्याकडेच होती. चारपैकी दोन अपघात माणसाच्या चुकीनं आणि दोन यंत्रातल्या बिघाडानं, असं सांगितलं गेलं. म्हणजे दोष एकाच पदरात टाकता येत नाही.

ध्रुव कुचकामी आहे, असंही मी म्हणणार नाही. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात याच हेलिकॉप्टरांनी अडकलेली माणसं सोडवली. पण जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडून तिघे गेले, तेव्हा आपल्याकडची ध्रुवही कित्येक महिने जमिनीवर ठेवावी लागली. यंत्र आपलं म्हणून त्याचे दोष झाकायचे नसतात. ते उडवणाराही कुणाचा तरी मुलगाच असतो.

इक्वेडोरनं पुढं २०२० पासून एअरबसची एच-१४५ हेलिकॉप्टरं घेतली. म्हणजे एका कामासाठी दोनदा पैसे मोजले. गेलेली माणसं मात्र कशानंच परत आली नाहीत.

मंडळी, आपलं यंत्र आकाशात उडत नाही, पण मळणीयंत्रात हात जातो, ट्रॅक्टर बांधावरून उलटतो. म्हणून पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. सुटा भाग कुठं मिळेल आणि किती दिवसांत? दुरुस्ती करणारा मिस्त्री किती कोसांवर? हमी संपल्यावर कोण बघणार? चालवायला कोण आणि किती दिवस शिकवणार? उत्तरं पावतीवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन हंगामात उपयोगी पडत नाही. घरात एक वही ठेवा. तेल कधी बदललं, काय तुटलं, तारखेनिशी टिपा. शाळेत जाणारी पोरं हे काम हौसेनं करतील.

आणि घरधनिणीला विचारल्याशिवाय यंत्र घेऊ नका. पेढे वाटताना आपण पुढं असतो, हप्त्याची जुळवाजुळव तीच करते.

बरं, येतो. पुढल्या आठवड्यात भेटूच.