मंगळ, काका आणि उरलेली लग्नं

परवा ताईचं आणखी एक स्थळ गेलं. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. मुलगा चांगला, दोघांचं दोनदा निवांत बोलणं झालेलं, आणि मग मध्यस्थांचा फोन. "मुलीला मंगळ आहे, मुलाला नाही, तेव्हा राहू द्या." हे तिसरं. मला वाटलं काका आता तरी चिडतील. पण काका (मुलीचे वडील हो!) म्हणाले, "त्यांचंही चूक नाही रे. समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा बघ. मंगळाकडे दुर्लक्ष केलं, दीड वर्षात घटस्फोट." पाठोपाठ आणखी दोन उदाहरणं. मी गप्प बसलो. उत्तर घरी येताना सुचलं, नेहमीसारखं.

ऑफिसात नवीन पोरगा येतो आणि सांगतो, "सर, टेस्ट फेल झालेल्या प्रत्येक लॉगमध्ये ही वॉर्निंग आहे, बग इथेच आहे." आपण काय विचारतो? "पास झालेल्या लॉगमध्ये बघितलंस का?" बहुतेक वेळा तिथेही तीच वॉर्निंग असते. खेळ खलास. थॉमस बेझ या इंग्लिश पाद्र्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. त्यातून पुढे वाढलेल्या गणिताचं माझ्यापुरतं सार एवढंच: पुरावा दाव्याशी किती जुळतो हे विचारू नका. दावा खोटा असता तर हाच पुरावा किती सहज दिसला असता, ते विचारा.

आता मंगळ घ्या. पत्रिकेतली घरं बारा. १, ४, ७, ८ आणि १२ यांपैकी कुठेही मंगळ आला की माणूस मंगळाचा. लग्नरास दिवसभरात बाराही राशी फिरते, म्हणजे ढोबळमानाने रोज दहा तासांत जन्मलेली सगळी बाळं मंगळाची! बारात पाच. कुठलंही जोडपं पत्रिका न बघता घेतलं तर एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, याची शक्यता १४४ पैकी ७०. जवळजवळ निम्मी. मंगळाचा काडीचाही परिणाम नसता, तरी पत्रिका न बघता जमलेल्या आणि पुढे मोडलेल्या लग्नांपैकी निम्म्यांत काकांना मंगळ सापडलाच असता. उलट, न जुळलेल्या मंगळाशिवाय लग्न मोडतच नाही असं जरी धरलं, तरी एका उदाहरणाने पारडं फार तर दुप्पट जड होतं.

तुम्ही म्हणाल, तीन उदाहरणं म्हणजे आठपट की. इथेच तर गोम आहे. ती तीन आली कुठून? काकांनी निवडून काढली. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं, "काका, ओळखीतली मोडलेली लग्नं सगळी सांगा." सात निघाली. दोघांच्यात पत्रिका व्यवस्थित जुळवलेली, दोघांचं काही माहीतच नाही. आणि मंगळ असून धड चाललेल्या संसारांची यादी तर कोणीच ठेवत नाही. जुळणारीच उदाहरणं सांगायची असतील, तर मंगळ खरा असो की खोटा, तीन उदाहरणं मिळणारच. मग त्यांचं वजन शून्य. (आमच्या बाजूचे लोकही हेच करतात. "आमच्या आत्याला मंगळ होता, चाळीस वर्षं झाली" हाही पुरावा नाही.)

पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली चाचणी घेतली, त्यात ही चोरवाट बंद होती. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका, दोन्ही एकत्र मिसळलेल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०. उत्तरं आली २७ जणांची, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून ५० मिळाली असती. ही चाचणी बुद्धीची होती, लग्नाची नव्हे, हे मान्य. पण प्रश्न असा विचारायचा असतो!

मग शेवटचं अस्त्र: "मानायला हरकत काय? उगाच रिस्क कशाला?" हरकत अशी की मंगळाच्या मुलीची बारातली सात स्थळं बघायच्या आधीच बाद होतात. ताई एकतीसची आहे. फुकट नाहीये हो हे.

काकूंची पत्रिका मात्र कधी जुळवलीच नव्हती. जन्मवेळ काय, तर "गुरं घरी आली तेव्हा". लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, आणि गुरं काही घड्याळ बघून येत नसत. काकांना हे ऐकवलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आमची गोष्ट वेगळी."

असो. येत्या रविवारी नवीन स्थळ येतंय. ताईने स्वतःच मुलाला फोन केला आणि स्पष्ट सांगितलं, पत्रिका बघणार असाल तर आत्ताच सांगा, मी पोहे भिजवत नाही. त्याने एक दिवस मागून घेतलाय.